एकाच प्रतीचा भरवसा

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की आमच्या अमळनेरच्या घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते. स्वयंपाकघरात भाजणीचा खमंग वास सुटलेला असतो, मुले अंगणात आकाशकंदिलाच्या कामट्या बांधीत असतात, आणि मी ओटीवर बसून त्या पेटीतले फोटो मऊ फडक्याने एकेक करून पुसत असतो. या कामात माझी मदत कोणाला होत नाही आणि अडचणही कोणाला होत नाही. म्हणून घरातल्या मंडळींनी ते बिनबोभाट माझ्याकडे सोपवले आहे.

पेटीच्या तळाशी माझ्या आई-वडिलांच्या लग्नाचा फोटो आहे. आहे म्हणजे अर्धा आहे. वडिलांचा फेटा आहे, उपरणे आहे, शेजारच्या कुंडीतले शोभेचे झाडही शाबूत आहे. जिथे आईचा चेहरा होता तिथे मात्र वाळवीने भोक पाडले आहे. नोकरीला लागल्यावर मी ज्याने तो फोटो काढला त्या फोटोवाल्याचे दुकान शोधीत गेलो. मूळची काच असेल तर नवी प्रत काढून घ्यावी, एवढाच विचार. म्हातारा वारला होता. मुलगा भला माणूस; त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि संकोचून म्हणाला, "सर, त्या जुन्या काचा आम्ही धुऊन तसबिरींना लावल्या. काच फार महाग झाली होती तेव्हा." गावात कोणाच्या तरी देवघरात गणपतीच्या तसबिरीला ती काच असेल. रोज तिच्यासमोर उदबत्ती ओवाळली जात असेल. माझ्या आईचा तरुणपणीचा चेहरा त्या काचेवरून धुतला गेला, आणि आता तो कुठेच नाही.

मी इतिहासाचा शिक्षक. एकाच प्रतीचा भरवसा किती फसवा असतो, हे मला कोणी शिकवण्याची खरे तर गरज नव्हती. कारण त्याचा सर्वांत मोठा दाखला आमच्या खानदेशच्या वेशीवरच घडलेला आहे, आणि तो मी दरवर्षी मुलांना सांगत असे.

शाळेची सहल अजिंठ्याला जायची. अमळनेरहून ताप्ती लाइनच्या गाडीने जळगाव, तिथून एस. टी.ने फर्दापूर, आणि मग वाघूर नदीच्या काठाने लेणी. मुलांचे लक्ष डब्यातल्या दशम्यांकडे. माझे लक्ष त्यांना गिलची गोष्ट कधी सांगतो याकडे.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतरची पंचवीस वर्षे मात्र फारशी कोणी सांगत नाही. येईल तो साहेब हौसेने चित्रांचा एखादा पोपडा खरवडून आठवण म्हणून घेऊन जाई. भिंतीवरून सुटलेला रंग पुष्कळदा हातातच भुगा होऊन जाई. जेम्स फर्ग्युसन या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला आणि ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घ्याव्यात असा आग्रह धरला. ईस्ट इंडिया कंपनीने तो मानला, आणि मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल हा अधिकारी १८४४ मध्ये या कामावर नेमला गेला.

गिल अजिंठा गावात येऊन राहिला तो जवळजवळ कायमचाच. वाघांचे रान, मलेरियाचा ताप, आणि गुहेतला अंधार. त्यात उभा राहून तो मोठमोठ्या पडद्यांवर तैलरंगांत त्या चित्रांच्या नकला करीत होता. पारो नावाच्या स्थानिक स्त्रीवर त्याचे प्रेम होते. ती १८५६ मध्ये वारली, आणि तिची समाधी त्याने बांधली ती आजही अजिंठा गावात आहे. एवढे सांगितले की शेवटच्या बाकावरची मुलेही कान टवकारीत.

नकला लंडनला गेल्या. सिडनहॅम येथील काचेच्या प्रसिद्ध महालात, क्रिस्टल पॅलेसमध्ये, त्या मांडल्या गेल्या. १८६६ च्या डिसेंबरात त्या महालाच्या एका भागाला आग लागली आणि गिलच्या आयुष्याची कमाई राख झाली. जी चार-दोन चित्रे त्या वेळी तिथे नव्हती तेवढीच वाचली. दुसरी प्रत नव्हती.

गिल पुढे १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळच्या जुन्या युरोपीय दफनभूमीत आहे. म्हणजे आमच्याच खानदेशात.

आता इतके झाल्यावर सरकार शहाणे झाले असेल असे वाटेल. १८७२ मध्ये मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला आले. तेरा वर्षे, हिवाळ्यामागून हिवाळे, हे काम चालले. त्यात पेस्तनजी बोमनजींसारखे, पुढे नावारूपाला आलेले, आपल्याकडचे तरुण चित्रकार होते. नकला पुन्हा लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या वस्तुसंग्रहालयात गेल्या. १८८५ मध्ये तिथेही आग लागली आणि त्यांतली पुष्कळ चित्रे जळाली. मुले एकदम म्हणत, "सर, परत तेच?" मी म्हणे, "होय रे, परत तेच."

पण या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे, आणि तीच माझ्या आजच्या विषयाची खरी सुरुवात.

१८५६ च्या सुमारास गिलने कुंचल्याबरोबर कॅमेराही हाती घेतला. छायाचित्रणाची कला तेव्हा आपल्याकडे नवी होती. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी आपली माणसे तिच्यात होती. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार. आणि भाऊ दाजींनी पुढे अजिंठ्याच्या शिलालेखांचा अभ्यास केला. त्या काळची रीत मोठी कष्टाची. काचेवर चिकट द्रावण पसरायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्यापूर्वी अंधारात धुवायची. उन्हाळ्यात ती काच किती लवकर सुकत असेल, हे खानदेशच्या माणसाला सांगायला नको.

परंतु एकदा काच साधली की तिच्यावरून कागदी प्रती हव्या तितक्या निघत. गिलच्या फोटोंचे फर्ग्युसनने १८६४ मध्ये पुस्तक केले. त्यात सत्तरांहून अधिक फोटो आहेत. ते पुस्तक ज्यांनी घेतले त्यांच्या कपाटात गेले, ग्रंथालयांत गेले, वेगवेगळ्या गावी गेले. दोन वर्षांनी क्रिस्टल पॅलेस पेटला तेव्हा वर्षानुवर्षे खपून केलेली रंगीत चित्रे गेली. पण हे लहानसे तपकिरी फोटो राहिले. ते चित्रांपेक्षा टिकाऊ होते म्हणून नव्हे. ते एका ठिकाणी नव्हते, म्हणून.

हे सारे मी तीस वर्षे शिकवले. आणि तरीही माझी फजिती झाली.

२०१८ च्या उन्हाळ्यात मुलाने आम्हा दोघांना लंडनला बोलावले. अमळनेर सोडून नाशिकपलीकडे फारशी न गेलेली माझी बायको नऊवारीवर स्वेटर घालून थेम्सच्या काठी उभी राहिली, आणि मला अगदी लग्नातल्यासारखा हुरूप आला. मुलाने मला नवा फोन दिला होता. मी दिसेल त्याचे फोटो काढीत सुटलो. बस, कबुतरे, भाजीची दुकाने, सगळे. दहा दिवसांत दोन हजारांवर फोटो झाले.

सिडनहॅमला जायचा हट्ट अर्थात माझा. तिथे आता महाल नाही. १९३६ मध्ये पुन्हा लागलेल्या आगीत तो समूळ जळाला. आज तिथे बाग आहे, रुंद दगडी पायऱ्या आहेत, आणि सिंहाचे धड व माणसाचे तोंड असलेल्या काही दगडी मूर्ती आहेत. त्या पायरीवर बसवून मी बायकोला गिलची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "अहो, इतकी वर्षे खपला, तर दोन-दोन का नाही हो काढली?" मी हसलो. मग तिचा फोटो काढला.

त्या रात्री सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमचा फोन द्या, आजपर्यंतचे फोटो उतरवून ठेवते." मी दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एका प्रवासी मंडळीबरोबर इटलीला निघालो. बरोबर सूनबाई नव्हती, आणि मला ती कटकट सुचली नाही. सातव्या दिवशी रोमजवळ आगगाडीतून उतरताना फोन मी खिडकीजवळच्या फळीवर विसरलो. चूक सर्वस्वी माझीच. गाडी गेली आणि तिच्याबरोबर व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोमही गेले.

पुढच्या वर्षी बायको वारली. त्यामुळे त्या सात दिवसांची किंमत मला निराळी कळली. पायरीवरचा तो फोटो राहिला, कारण सूनबाईने आदल्या रात्री फोन मागितला होता.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. रोममध्ये व्हॅटिकनचे सिस्टाइन चॅपल पाहायला आम्ही गेलो. तिथे फोटो काढायला मनाई आहे. १९८० ते १९९४ या काळात मायकेलअँजेलोची ती चित्रे साफ करण्याचे मोठे काम झाले. त्याचा खर्च एका जपानी दूरचित्रवाणी कंपनीने उचलला आणि मोबदल्यात चित्रीकरणाचा हक्क घेतला. त्या हक्काची मुदत संपली, बंदी राहिली. रखवालदार अधूनमधून ओरडून गप्प करीत होता, तरी भोवतालचे लोक चोरून फोन वर करीत होते. माझाही हात खिशाकडे गेला. बायको हळूच म्हणाली, "नको म्हणतायत ना? मग राहू द्या. वर बघा." मी फोन ठेवला आणि मान दुखेपर्यंत वर पाहिले. फोनबरोबर जे गेले त्यातले पुष्कळसे मला आता आठवतही नाही. ते छत आठवते.

नियम म्हटले की आपल्याला वाटते, आपली अडवणूक. मलाही वाटे. पण अजिंठ्याचाच इतिहास पाहा. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या काळात मळलेली चित्रे नीट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश लावले गेले. त्या वेळी रंग खुलले. पुढे ते व्हार्निश पिवळे पडले, काळवंडले, आणि ते काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षे खपावे लागले. नकला जळाल्या आणि त्या नकलांसाठी मूळ चित्र मात्र डागाळले! आज लेण्यांत फ्लॅश लावू देत नाहीत, तिकाटणे आणायचे तर परवानगी घ्यावी लागते. एकाच्या क्षणभराच्या उजेडाने काही बिघडणार नाही कदाचित. पण रोज हजारो माणसे येतात, आणि भिंत तीच असते. त्यातून शेजारच्या माणसालाही शांतपणे पाहण्याचा हक्क आहेच.

देशोदेशीचे नियम निराळे असतात आणि त्यांच्यामागची कारणेही निराळी. जपानमधल्या क्योतो शहरात गिओन नावाची गेइशांची जुनी वस्ती आहे. तिथल्या खाजगी गल्ल्यांत प्रवासी कॅमेरे घेऊन बायकांच्या मागे धावू लागले, तेव्हा २०१९ मध्ये रहिवाशांनी फोटोबंदीचे फलक लावले आणि दहा हजार येन दंडाची ताकीद दिली. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाच्या काही भागांचे फोटो काढू नयेत अशी तिथल्या मूळच्या अनंगू लोकांची विनंती असते, कारण त्या जागा त्यांना पवित्र आहेत. आखाती देशांत परक्या माणसाचा, विशेषतः स्त्रीचा, विनापरवानगी फोटो काढला तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते. सरकारी इमारती आणि लष्करी ठाणी यांच्या वाटेला तर जाऊच नये. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचा फोटो दिवसा कोणीही काढावा. रात्रीची रोषणाई मात्र कलाकृती मानली जाते, आणि तिचे चित्र धंद्यासाठी वापरायचे तर परवानगी लागते. विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या रांगेत फोन खिशात ठेवलेलाच बरा.

एवढे सगळे पाठ कोण करणार? पाठ करायचे कारणही नाही. निघण्यापूर्वी ज्या देशात जायचे तिथली माहिती वाचावी, दारावरचा फलक वाचावा, आणि माणूस असेल तर त्याला विचारावे. आपल्या घरच्या लग्नात परका माणूस न विचारता देवघरापर्यंत कॅमेरा घेऊन आला, तर आपल्याला आवडेल का? बाहेरच्या देशात तो परका माणूस आपण असतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे बहुतेक नियम न वाचताही कळतात.

आता फोटो जपण्याविषयी. काचेवरून फिल्म आली, फिल्मवरून हे आकड्यांचे फोटो आले. १९७५ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन सॅसन या कोडॅक कंपनीतल्या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला त्याला तेवीस सेकंद लागत. आज नखाएवढ्या कार्डात हजारो चित्रे मावतात. सोय मोठी, आणि धोकाही तेवढाच मोठा. काच फुटली तर एक फोटो जातो. कार्ड बिघडले तर सगळी यात्रा जाते. वाळवी निदान वडिलांचा फेटा ठेवते. बिघडलेले कार्ड पुष्कळदा काहीच ठेवीत नाही.

या बाबतीत जाणकार लोकांचा एक साधा नियम आहे, आणि तो मी आता पाढ्यासारखा पाठ केला आहे. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर. आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. प्रवासात याचा अर्थ असा: रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचे फोटो एका छोट्या डिस्कवर उतरवावेत, ती डिस्क आणि कॅमेरा एकाच पिशवीत ठेवू नयेत, आणि इंटरनेट मिळाले की एक प्रत दूरच्या संगणकांवर, ज्याला हल्ली क्लाउड म्हणतात तिथे, पाठवावी. घरी पोहोचून सगळ्या प्रती उघडून पाहीपर्यंत कार्ड पुसू नये. क्लाउडचा परवलीचा शब्द घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला ठाऊक असावा. नाहीतर माणूस गेल्यावर फोटो असूनही कुलूपबंद राहतात.

दुसरे काम निवडीचे. आमच्याच जिल्ह्यात चाळीसगावला केकी मूस (१९१२ ते १९८९) होऊन गेले. इंग्लंडला शिकून आलेला हा कलावंत; जगभर त्याच्या छायाचित्रांना बक्षिसे मिळाली, पण आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे त्याने चाळीसगावच्या आपल्या घरात काढली. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून तो डोंगर, रस्ते, वादळे उभी करी आणि मग त्यांचा फोटो काढी. ते घर आज संग्रहालय आहे. तिथे एकेका चित्रापुढे उभे राहिले, की आपले दोन हजार फोटो आठवून ओशाळल्यासारखे होते. माझ्या दोन हजारांत कबुतरेच तीनशे होती! ती मी आता काढून टाकली आहेत. जे उरले त्यांना नावे दिली: कोण, कुठे, कोणत्या साली. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनी अनोळखी माणसाचा फोटो होतो. आमच्या पेटीत असे अकरा आहेत.

आणि शेवटचे: वर्षाकाठी दहा-वीस फोटो कागदावर छापून घ्यावेत. यंत्रे बदलतात, जुन्या डिस्का नव्या यंत्राला वाचता येत नाहीत. कागद हातात घेतला की दिसतो.

सिडनहॅमच्या पायरीवरचा फोटो मी छापून घेतला आहे. निळे नऊवारी, राखी स्वेटर, आणि चेहऱ्यावर "दोन-दोन का नाही हो काढली?" हा प्रश्न अजून तसाच. त्याच्या तीन प्रती केल्या आहेत. एक पत्र्याच्या पेटीत, आता डांबराच्या गोळ्यांसह. एक पुण्याला मुलीकडे. तिसरी या वर्षी लंडनला जाणाऱ्या फराळाच्या डब्यात, चिवड्याच्या पिशवीखाली, पुठ्ठ्यात घालून ठेवली आहे.

तुमच्याकडूनही कोणाला तरी फराळ परगावी जातच असेल. त्यात अनारशांबरोबर एखादा जुना फोटो घाला. मागे नाव, गाव, साल लिहायला विसरू नका.